थकलेलं आयकर रिटर्न भरायचंय? फॉर्म सगळ्यात शेवटी उघडा

स्वतःचा व्यवसाय असलेली माणसं थकलेलं रिटर्न भरायला बसतात तेव्हा बहुतेक वेळा सुरुवातच चुकते. पोर्टल उघडतात, दिसेल तो फॉर्म निवडतात, अंदाजे आकडे टाकतात आणि शेवटी आलेली रक्कम पाहून लॅपटॉप बंद करतात. किंवा आधी चलन भरून टाकतात, तेही चुकीच्या वर्षाचं. काम अवघड नाही, पण त्याला ठरलेला क्रम आहे. कोणत्या वर्षासाठी कोणती मुदत उरली आहे, ते आधी बघायचं. मग कागद, हिशेब, चलन आणि सर्वांत शेवटी फॉर्म.

हा लेख डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सल्लागार, विमा एजंट, दुकानदार, फ्रीलान्सर अशा लोकांसाठी आहे, ज्यांच्या खात्यांचं ऑडिट लागत नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला असला तरी त्याआधीच्या वर्षांची रिटर्न १९६१ च्या कायद्यानुसारच भरायची आहेत. त्यामुळे खालची कलमं जुन्याच कायद्याची आहेत.

## १. आधी वर्षं मांडा

कोरा कागद घ्या आणि राहिलेली आर्थिक वर्षं एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर करनिर्धारण वर्ष लिहा, म्हणजे त्याच्या पुढचं वर्ष. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ ही कमाई आर्थिक वर्ष २०२३-२४ ची, आणि तिचं करनिर्धारण वर्ष २०२४-२५. पोर्टल आणि चलन बहुतेक ठिकाणी करनिर्धारण वर्षच विचारतात. एकूण चुकांपैकी निम्म्या इथेच जन्माला येतात असं म्हटलं तरी चालेल.

आता प्रत्येक वर्षासाठी कोणता मार्ग खुला आहे ते पाहा.

विलंबित रिटर्न, कलम १३९(४). करनिर्धारण वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. हा सगळ्यात स्वस्त मार्ग, कारण यात कर, व्याज आणि विलंब शुल्क एवढंच लागतं. परतावाही मागता येतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२६ आहे.

अद्ययावत रिटर्न, कलम १३९(८ए), म्हणजे आयटीआर-यू. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत. २०२५ च्या वित्त कायद्याने ही मुदत २४ महिन्यांवरून वाढवली. पण इथे कर आणि व्याजाच्या बेरजेवर अतिरिक्त कर बसतो: पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ पर्यंत ५०, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७० टक्के.

विलंब माफीचा अर्ज, कलम ११९(२)(बी). परतावा मिळायचा असेल आणि ३१ डिसेंबर उलटून गेला असेल, किंवा उशीर होऊनही तोटा पुढे न्यायचा असेल, तर हा मार्ग. याबद्दल पाचव्या टप्प्यात.

३१ मार्च २०२७ पर्यंत आयटीआर-यू भरलं तर अतिरिक्त कराचा दर असा:

- आर्थिक वर्ष २०२४-२५: २५ टक्के
- आर्थिक वर्ष २०२३-२४: ५० टक्के
- आर्थिक वर्ष २०२२-२३: ६० टक्के
- आर्थिक वर्ष २०२१-२२: ७० टक्के, आणि त्याच दिवशी या वर्षाची मुदत कायमची संपते

दर ३१ मार्चनंतर प्रत्येक वर्ष एक पायरी वर सरकतं. म्हणून अनेक वर्षं थकली असतील तर हिशेब जुन्या वर्षापासून नव्याकडे करा, म्हणजे शिल्लक रकमा जुळतात. भरताना मात्र क्रम वेगळा: ज्याची मुदत आधी संपते ते आधी. ३१ डिसेंबरचं वर्ष हातात असेल तर सगळी कामं बाजूला ठेवून ते पहिलं.

> थांबा: त्या वर्षाबद्दल विभागाची नोटीस आली असेल, सर्वेक्षण झालं असेल किंवा चौकशी सुरू असेल, तर स्वतःहून आयटीआर-यू भरू नका. तुमच्या प्रकरणात तो मार्ग बंद असू शकतो. नोटीस घेऊन आधी सीएकडे जा. पोर्टलवर 'ई-प्रोसिडिंग्ज' आणि 'पेंडिंग अ‍ॅक्शन्स' दोन्ही उघडून खात्री करा. जुन्या, न वापरातल्या ईमेलवर नोटीस गेली आणि पत्ताच लागला नाही, हे नेहमी घडतं.

## २. पोर्टलचं खातं चालू स्थितीत आणा

हे काम दहा मिनिटांचं वाटतं, पण आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडला असेल तर आठवडा जातो. म्हणून लवकर उरका.

- पॅन आणि आधार जोडलेले आहेत का? नसतील तर पॅन निष्क्रिय असतो आणि परतावा अडकतो. १,००० रुपये शुल्क भरून आधी जोडून घ्या.
- आधारला जोडलेला मोबाईल तुमच्या हातात आहे का? शेवटची पडताळणी त्याच ओटीपीवर सोपी होते.
- बँक खातं पोर्टलवर प्रमाणित झालं आहे का? पॅनवरचं आणि बँकेतलं नाव वेगळं असेल तर इथे अडतं. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी हे आवर्जून पाहावं.
- पोर्टलवरचा ईमेल आणि मोबाईल तुमचाच आहे ना? पूर्वी कुणा एजंटाने खातं उघडून दिलं असेल तर तिथे बरेचदा त्याचाच नंबर असतो. तो बदला.

## ३. कागद गोळा करा, आणि जमा रकमा नीट वाचा

दर वर्षासाठी वेगळी फाईल करा. तिच्यात पुढच्या गोष्टी हव्यात:

- सगळ्या बँक खात्यांची १ एप्रिल ते ३१ मार्चची विवरणं, बंद केलेल्या खात्यांसकट
- फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेला टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर)
- एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण. पीडीएफचा पासवर्ड: पॅन लहान अक्षरांत आणि त्याला लागून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशा आठ अंकांत
- ग्राहक कंपन्यांनी दिलेले फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचे दाखले
- बिलबुक, यूपीआयच्या क्यूआर कोडचं विवरण, जीएसटी असेल तर त्याची रिटर्न
- मुदत ठेवींचं व्याज, शेअर आणि म्युच्युअल फंडाच्या विक्रीचं विवरण

आता खरं काम. बँक विवरण एकेक ओळ करून वाचा आणि प्रत्येक जमा रकमेला खूण करा: धंद्याची, व्याजाची, घरातली, कर्जाची, स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून आलेली. भावाने पाठवलेले पन्नास हजार हे उत्पन्न नाही. पण दोन वर्षांनी विचारणा झाली तर ते आठवणार नाही, म्हणून आत्ताच शेजारी लिहून ठेवा.

इथे एक चूक अगदी नियमाने होते. तुम्ही कंपनीला १,००,००० रुपयांचं बिल दिलं. कंपनीने १० टक्के टीडीएस कापून ९०,००० खात्यात टाकले. बँक विवरणात ९०,००० दिसतात म्हणून तेवढीच जमा धरली जाते आणि वर १०,००० च्या टीडीएसचं श्रेयही घेतलं जातं. हे चूक आहे. तुमची जमा १,००,००० आहे. विभागाच्या संगणकाकडे कंपनीने कळवलेला पूर्ण आकडा असतोच, त्यामुळे तफावत लगेच दिसते. ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून पैसे येत असतील तर हाच नियम: त्यांनी कमिशन कापण्याआधीची रक्कम पाहा.

> तपासा: तुमची एकूण जमा एआयएसमधल्या आकड्यापेक्षा कमी येत असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. एआयएसमध्ये नोंद दुसऱ्याची असेल किंवा दोनदा आली असेल, तर तिथेच अभिप्राय नोंदवायची सोय आहे. एआयएसमध्ये न दिसणारी रोख जमाही उत्पन्नच असते. ती सोडून देऊ नका.

## ४. कलम, फॉर्म आणि करप्रणाली ठरवा

अनुमानित नफ्याचं कलम, म्हणजे खर्चांचा हिशेब न मांडता जमेचा ठरावीक भाग नफा धरणं. सगळ्या खर्चांच्या पावत्या नसतील, आणि थकलेल्या वर्षांच्या सहसा नसतातच, तर हा मोठा आधार आहे. डॉक्टर, वकील, इंजिनीअर, आर्किटेक्ट, सीए, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर अशा अधिसूचित व्यवसायांना कलम ४४एडीए लागू आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल तर निम्मी रक्कम नफा धरायची. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ७५ लाख आहे. दुकान, उत्पादन वगैरे धंद्यांना कलम ४४एडी: उलाढाल २ कोटींपर्यंत, रोख तितकीच कमी असेल तर त्याच वर्षापासून ३ कोटींपर्यंत. बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा. हे किमान दर आहेत. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवायचा.

विमा एजंट आणि दलालांनी इथे सावध राहावं. कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ४४एडी लागू होत नाही. तरीही एजंटांची आयटीआर-४ वर ६ टक्के नफा दाखवलेली रिटर्न सर्रास भरली जातात. त्यांचा फॉर्म आयटीआर-३, आणि खर्च पुराव्यासह दाखवायचे.

फॉर्म. अनुमानित नफा आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-४. शेअर-जमिनीच्या विक्रीचा नफा, परदेशी मालमत्ता किंवा वायदे व्यवहार असतील तर सहसा आयटीआर-३. आयटीआर-१ तुमच्यासाठी नाही, मग तो कितीही सोपा दिसो.

करप्रणाली. इथे उशिराची किंमत लपलेली असते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला जुनी हवी असेल तर फॉर्म १०-आयईए रिटर्नच्या मूळ मुदतीच्या आत भरावा लागतो. मुदत गेली की तो पर्याय गेला. म्हणजे त्या वर्षी भरलेला विम्याचा हप्ता, पीपीएफ, मुलांची फी यांची वजावट मिळणार नाही. याउलट २०२१-२२ आणि २०२२-२३ या वर्षांना जुनी प्रणाली आपोआप होती आणि नवी निवडायला फॉर्म १०-आयई वेळेत लागायचा. तो भरला नसेल तर त्या वर्षांचा हिशेब जुन्या प्रणालीनेच होतो. वजावटी मिळतात, पण पुरावे जवळ हवेत. चार वर्षांचा हिशेब एकाच दरपत्रकाने करू नका.

व्यवसायातला तोटा उशिरा भरलेल्या रिटर्नमधून पुढच्या वर्षांत नेता येत नाही. त्यासाठी वर सांगितलेला विलंब माफीचा अर्जच लागतो.

## ५. पैसे द्यायचे आहेत की यायचे आहेत?

मार्ग निवडण्याआधी हा प्रश्न सोडवा. एका सल्लागाराची २०२३-२४ मधली जमा १० लाख, ४४एडीए नुसार उत्पन्न ५ लाख. नव्या प्रणालीत सूट धरून कर शून्य. पण ग्राहकांनी १ लाख टीडीएस कापलेला आहे. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत रिटर्न भरलं असतं तर तो लाख परत मिळाला असता. आता आयटीआर-यू मधून तो मागता येत नाही, कारण परतावा येत असेल किंवा कर कमी होत असेल तर आयटीआर-यू चालतच नाही.

अशा वेळी पोर्टलवर 'सर्व्हिसेस' मध्ये 'कन्डोनेशन रिक्वेस्ट' निवडून विलंब माफीचा अर्ज करायचा. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज हवा. वरच्या उदाहरणात ३१ मार्च २०३० पर्यंत. १ कोटीपर्यंतच्या दाव्यावर प्रधान आयुक्त किंवा आयुक्त निर्णय देतात. उशिराचं कारण खरं आणि पुराव्यासह मांडा: रुग्णालयाची कागदपत्रं, मृत्यू दाखला, जे असेल ते. 'माहिती नव्हती' एवढ्या दोन शब्दांवर अर्ज टिकवणं कठीण असतं. मंजुरीचा आदेश आला की मगच रिटर्न. उशिराने मागितलेल्या परताव्यावर व्याज मिळत नाही.

## ६. व्याज आणि दंडाचा हिशेब

चार-पाच आकडे वेगवेगळे काढायचे असतात:

- कलम २३४ए: रिटर्नच्या मूळ मुदतीनंतर दरमहा १ टक्का, न भरलेल्या करावर
- कलम २३४बी: आगाऊ कर (वर्ष चालू असतानाच भरायचा कर) ९० टक्क्यांपेक्षा कमी भरला असेल तर करनिर्धारण वर्षाच्या १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का
- कलम २३४सी: आगाऊ कराचा हप्ता चुकल्याबद्दल. अनुमानित नफावाल्यांना १५ मार्चचा एकच हप्ता असतो
- कलम २३४एफ: विलंब शुल्क ५,००० रुपये. एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००
- आयटीआर-यू असेल तर वर सांगितलेला अतिरिक्त कर. तो कर आणि व्याजावर असतो, विलंब शुल्कावर नाही

टीडीएस वजा जाता कर १०,००० पेक्षा कमी असेल तर आगाऊ कर लागत नाही, म्हणून २३४बी आणि २३४सी चं व्याजही नाही.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. नाशिकची एक इंटिरिअर डेकोरेटर. आर्थिक वर्ष २०२३-२४, जमा २४ लाख, ४४एडीए नुसार उत्पन्न १२ लाख. नव्या प्रणालीने कर ९०,००० आणि ४ टक्के उपकर मिळून ९३,६००. टीडीएस ६०,०००. बाकी ३३,६००. ती ऑक्टोबर २०२६ मध्ये आयटीआर-यू भरते आहे.

२३४ए: १ ऑगस्ट २०२४ पासून २७ महिने, ९,०७२. २३४बी: १ एप्रिल २०२४ पासून ३१ महिने, १०,४१६. २३४सी: ३३६. एकूण व्याज १९,८२४. कर आणि व्याज मिळून ५३,४२४. त्यावर ५० टक्के अतिरिक्त कर २६,७१२. विलंब शुल्क ५,०००. सगळं मिळून ८५,१३६ रुपये. हीच बाई डिसेंबर २०२४ मध्ये विलंबित रिटर्न भरायला बसली असती तर ४३,६४० मध्ये सुटली असती.

> तपासा: व्याजात महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरतात. २९ तारखेला हिशेब करून २ तारखेला रिटर्न भरलं तर एक टक्का वाढतो आणि चलन अपुरं पडतं. हिशेब, चलन आणि रिटर्न एकाच महिन्यात उरका. २०२४-२५ ची मूळ मुदत वाढून १६ सप्टेंबर २०२५ झाली होती, त्यामुळे त्या वर्षाचं २३४ए चं व्याज १७ सप्टेंबरपासून मोजा.

## ७. चलन

पोर्टलवर 'ई-पे टॅक्स'. आयकर निवडा, करनिर्धारण वर्ष निवडा, आणि प्रकार 'सेल्फ असेसमेंट टॅक्स', ३००. आगाऊ कराचा १०० हा क्रमांक इथे नको. बँक यादीत नसेल तर एनईएफटीचा पर्याय आहे, पण त्यात वेळ जातो, म्हणून महिनाअखेरीला त्यावर विसंबू नका. तयार केलेलं चलन १५ दिवसच चालतं.

पावतीवरचे बीएसआर कोड, तारीख, चलन क्रमांक आणि रक्कम हे चार तपशील रिटर्नमध्ये टाकायचे आहेत. पावती लगेच उतरवून ठेवा.

> चूक झाली तर: चुकीचं वर्ष निवडलं असेल तर भरल्यापासून ७ दिवसांत आणि प्रकार चुकला असेल तर ३० दिवसांत पोर्टलवरूनच 'चलन करेक्शन' मागता येतं. त्यानंतर तुमच्या कर अधिकाऱ्याकडे अर्ज घेऊन जावं लागतं.

आणि एक ठाम सांगणं: चलन भरलं म्हणजे रिटर्न भरलं असं होत नाही. पैसे भरून निवांत बसलेल्यांनाही नोटिसा येतात.

## ८. आता फॉर्म

त्या करनिर्धारण वर्षाचा फॉर्म किंवा ऑफलाइन युटिलिटी घ्या. दुसऱ्या वर्षाची चालत नाही. कलमाच्या जागी विलंबित असेल तर १३९(४), अद्ययावत असेल तर १३९(८ए). आयटीआर-यू मध्ये आधी रिटर्न भरलं होतं का, आणि आता का भरताय, हे विचारतात. अजिबात भरलं नसेल तर तेच कारण निवडा. अतिरिक्त कराची टक्केवारी फॉर्म काढतो. ती तुमच्या हिशेबाशी जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर बहुधा वर्ष चुकलं आहे.

टीडीएसच्या प्रत्येक ओळीसमोर त्याच्याशी संबंधित जमा दाखवा. बचत खात्याचं व्याज विसरू नका.

आयटीआर-यू एका वर्षासाठी एकदाच भरता येतं. सादर करण्याआधी मसुदा एक रात्र ठेवा आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी वाचा. फक्त महिना बदलू देऊ नका.

रिटर्न शून्य दाखवून देतो किंवा परतावा काढून देतो म्हणणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. खोट्या देणग्या आणि खोट्या वजावटी दाखवून मिळवलेला परतावा व्याजासह परत जातो. चुकीची माहिती दिल्याबद्दल कलम २७०ए खाली कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो, तोही एजंटाला नाही, तुम्हाला.

## ९. पडताळणी आणि त्यानंतर

सादर केल्यापासून ३० दिवसांत ई-पडताळणी करा. आधार ओटीपीने ती मिनिटात होते. ३० दिवस उलटले तर पडताळणीची तारीख हीच रिटर्नची तारीख धरली जाते, आणि मधे ३१ डिसेंबर किंवा ३१ मार्च येऊन गेला असेल तर सगळंच बिघडतं. त्याच बैठकीत करून टाका.

नंतर कलम १४३(१) ची सूचना येईल. तिच्यात तुमचे आणि विभागाचे आकडे शेजारी-शेजारी असतात. फरक असेल तर तो कोणत्या ओळीत आहे ते शोधा. रिटर्न सदोष असल्याचं पत्र आलं तर उत्तराला १५ दिवस असतात.

महाराष्ट्रात काम करणाऱ्यांनी याच सुमारास राज्याचा व्यवसाय करही तपासून घ्यावा. नोंदणी क्रमांक घेऊन वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात. आयकराशी त्याचा संबंध नाही आणि थकबाकीवर व्याज वेगळं लागतं. जीएसटी नोंदणी असेल आणि तिथली रिटर्नही राहिली असतील तर ती आधी पाहा. तिथे मूळ मुदतीनंतर तीन वर्षं उलटली की पोर्टल रिटर्न घेतच नाही, आणि तिथली उलाढाल आयकराच्या उलाढालीशी जुळावी लागते.